बाजूला बसा, बाजूला व्हा : नव्याने मराठी बोलणाऱ्यांसाठी

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभा असलेला लखनौचा एक सहकारी मला अगदी अदबीने म्हणाला, "सर, मी तुमच्या बगलेत बसू का?" टेबलावरचे चौघे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले. चूक त्याची नव्हती. हिंदीत 'बगल में' म्हणजे शेजारी, मराठीत बगल म्हणजे थेट काख. मी हसू दाबून म्हटलं, "बाजूला बस." तर तो बिचारा दोन टेबलं सोडून पलीकडे जाऊन बसला! नंतर उलगडा झाला. आदल्याच दिवशी लिफ्टपाशी त्याला कुणीतरी "बाजूला व्हा" म्हणालं होतं, आणि त्यावरून 'बाजूला' म्हणजे 'लांब' हे त्याने पक्कं करून टाकलं होतं.

एकच शब्द माणसाला जवळही बोलावतो आणि दूरही सारतो. आपल्याला हे कधी जाणवत नाही, कारण आपण तो लहानपणापासून ऐकत आलो. नव्याने शिकणारा मात्र इथे हमखास अडखळतो. त्या सहकाऱ्यासाठी मी काही टिपणं काढली होती, ती इथे जरा नीट लावून देतो. तुम्ही दुसऱ्या प्रांतातून आला असाल, देवनागरी वाचता येत असेल आणि कामापुरतं मराठी बोलता येत असेल, तर ती तुमच्यासाठी. घरात अमराठी सून किंवा जावई आला असेल आणि त्यांना शिकवायची जबाबदारी तुमच्यावर पडली असेल, तर तुमच्यासाठीही.

पहिली पायरी : शब्द नीट हातात घ्या

बाजू स्त्रीलिंगी आहे. ती बाजू, माझी बाजू, दुसरी बाजू. अनेकवचनातही बाजूच: त्रिकोणाच्या तीन बाजू. एकवचनात प्रत्यय सरळ लागतो, बाजूला, बाजूने, बाजूची. अनेकवचनात मध्ये अनुस्वार येतो, दोन्ही बाजूंना, चारही बाजूंनी. लिहिताना 'जू' दीर्घ. दुकानांच्या पाट्यांवर 'बाजु' दिसेल, त्यावर जाऊ नका.

उच्चारही एकदा कानात बसवून घ्या. यातला ज 'जवळ'मधला आहे, 'जीव'मधला नाही. हिंदी भाषकांना हे सोपं जातं, कारण त्यांच्या 'बाज़ू'तला नुक्तेवाला ज याच्या बराच जवळ आहे. फक्त त्यांचा बाज़ू पुल्लिंगी आणि त्याचा मुख्य अर्थ दंड किंवा बाहू. मूळ फारसी शब्दाचा अर्थही तोच, आणि संस्कृत 'बाहू' त्याचा लांबचा चुलतभाऊ. मराठीत तो जुना अर्थ दागिन्यात शिल्लक राहिला आहे: बाजूबंद दंडावर बांधतात, कमरेच्या बाजूला नव्हे.

आणखी एक घोटाळा आधीच मिटवून टाकू. बाज म्हणजे खाट. तिचं रूप होतं बाजेवर, बाजेखाली. आजोबा बाजेवर झोपलेत आणि आजोबा एका बाजूवर झोपलेत, या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

दुसरी पायरी : आधी 'च्या' शोधा

सगळ्यात कामाची गोष्ट ही. 'बाजूला' कानावर पडलं की त्याच्या आधी काय आलं ते बघा. कुणाच्या तरी, कशाच्या तरी असं काही असेल, तर अर्थ जवळ. काहीच नसेल, तर बहुतेक वेळा अर्थ दूर.

"किल्ली टीव्हीच्या बाजूला ठेव": टीव्हीजवळ. "किल्ली बाजूला ठेव": आत्ता लागत नाही, वेगळी काढून ठेव. "माझ्या बाजूला उभा राहा": ये इकडे. "बाजूला उभा राहा": वाटेतून हट. "गाडी दुकानाच्या बाजूला लावा" असं रखवालदार सांगतो. "गाडी बाजूला घ्या" असं वाहतूक पोलीस सांगतो, आणि तेव्हा "कशाच्या बाजूला?" असं विचारू नये.

माझ्या, तुझ्या, तिच्या, आमच्या या सगळ्यांत तो 'च्या'च किंवा त्याचा भाऊबंद दडलेला आहे. डाव्या, उजव्या, दुसऱ्या, पलीकडच्या ही विशेषणं आली तरी अर्थ जागा दाखवण्याचाच राहतो.

मग माझं कॅन्टीनमधलं "बाजूला बस" त्यात कुठे बसतं? ते आमच्या आळसात बसतं. बोलताना आम्ही 'माझ्या' गिळतो. "बाजूला कोण राहतं?" यातही 'तुमच्या' गिळलेला आहे. अशा वेळी क्रियापद बघायचं. बसणे, राहणे (वस्तीचं, 'उभं राहणे' नव्हे), असणे ही एका जागी थांबणारी क्रियापदं. त्यांच्याबरोबर 'बाजूला' म्हणजे जवळ. होणे, सरणे, करणे, काढणे, सारणे ही हलणारी, त्यांच्याबरोबर दूर. 'ठेवणे' दोन्हीकडे जातं, तिथे मात्र 'च्या'वाचून गत्यंतर नाही.

'दूर' या अर्थाचं कुटुंब मोठं आहे आणि रोजच्या बोलण्यात तेच जास्त भेटतं. पगारातले दोन हजार बाजूला काढणे म्हणजे शिल्लक टाकणे. मतभेद बाजूला ठेवणे म्हणजे ते तसेच राहू देऊन काम करणे. एखाद्याला बाजूला सारणे म्हणजे त्याचं महत्त्व काढून घेणे, आणि तो बाजूला पडला म्हणजे कुणी मुद्दाम केलं नाही, तरी त्याच्याकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. एखाद्याला बाजूला घेऊन सांगणे म्हणजे चारचौघांत न बोलता एकट्याला गाठून सांगणे. साहेबाने तुम्हाला बाजूला घेतलं तर बातमी चांगली किंवा वाईट काहीही असू शकते.

या कुटुंबातला माझा लाडका प्रयोग वेगळाच आहे: "मदत राहिली बाजूला, उलट मलाच चार गोष्टी सुनावल्या." किंवा, "अभ्यास राहिला बाजूला, पोरं तासभर पतंगच उडवत होती." जे व्हायला हवं होतं ते झालंच नाही, त्याऐवजी भलतंच झालं. ज्या दिवशी तुमच्या तोंडून हे वाक्य आपसूक निघेल, त्या दिवशी समोरचा तुम्हाला "मराठी कुठे शिकलात?" असं विचारणं बंद करेल.

एक प्रयोग बोलण्यासाठी नाही, नुसता समजण्यासाठी लक्षात ठेवा. जुन्या वळणाच्या घरात "ती बाजूला बसली आहे" असं हळू आवाजात ऐकलंत, तर त्याचा अर्थ तिची पाळी आली आहे. 'बाहेरची आहे', 'कावळा शिवला' हे त्याच अर्थाचे आणखी आडपडदे. तिथे "कुणाच्या बाजूला?" विचारून फजिती करून घेऊ नका. ही प्रथा गेलेलीच बरी, पण शब्द अजून गेलेले नाहीत.

तिसरी पायरी : किती जवळ, ते मोजा

'बाजूला'ने काम भागतं म्हणून सगळीकडे तेच वापरत बसलात, तर मराठी सपाट वाटतं. आमच्याकडे जवळपणाचे बरेच दर आहेत.

अगदी अंगाला अंग लागत असेल तर खेटून, चिकटून, लागून. दोन घरांची भिंत एकच असेल तर 'भिंतीला भिंत लागून', दोन शेतं शेजारी असतील तर 'बांधाला बांध लागून'. लगत हा कागदावरचा शब्द: महामार्गालगतची जमीन. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तेव्हा कोणत्या दिशेला लगत काय आहे ते याच भाषेत येतं. बोलताना कुणी "मी तुझ्यालगत बसतो" म्हणत नाही.

शेजारी हा त्याहून घरगुती. बसलेल्या माणसाच्या शेजारी, घराच्या शेजारी, आणि राहणारा माणूसही शेजारीच. त्यामुळे "तो शेजारी बसला आहे" याचे दोन अर्थ होतात. ऐकणारा संदर्भाने लावून घेतो. पाशी आणि जवळ यांत जागेबरोबर मालकीही येते: "माझ्यापाशी सुटे नाहीत", "तिच्याजवळ किल्ली आहे". ही मालकी 'बाजूला'ला जमत नाही. "माझ्या बाजूला पैसे आहेत" म्हटलंत तर लोक खाली वाकून बघतील.

जोडणीतला फरक इथेच सांगून टाकतो. घराजवळ, घरापाशी, घराशेजारी, घरालगत हे सगळं एका शब्दात जोडून चालतं. 'घराबाजूला' मात्र चालत नाही. बाजूला 'च्या' हवाच: घराच्या बाजूला.

पाणी आलं की शब्द बदलतो. नदीला आणि तळ्याला काठ, समुद्राला किनारा. "नदीच्या बाजूला देऊळ आहे" यात व्याकरणाची चूक नाही, पण इथला माणूस "नदीकाठी देऊळ आहे" असंच म्हणेल. रस्त्याला कड असते. "रस्त्याच्या कडेला थांबा", "कडेकडेने चाला".

ही 'कड' जरा थांबून बघण्यासारखी आहे. आई मूल कडेवर घेते ती कड कमरेची. म्हणजे बाजू दंडाची, कड कमरेची, बगल काखेची. कूस पोटाच्या बाजूची: रात्रभर कूस बदलत राहणे, आईच्या कुशीत शिरणे. 'एका अंगावर झोपणे'मध्ये अख्खं अंगच बाजू झालं. पत्ता सांगताना हात येतो: "पुढे जा, डाव्या हाताला तिसरं घर." पार्श्व हा संस्कृत शब्द बरगडीवरून आलेला, आणि आपलं पाशी त्याचंच झिजलेलं रूप. चौकटीच्या दोन उभ्या लाकडांना सुतार बाह्या म्हणतो, आणि सदऱ्याला असते ती बाही. दिशा सांगायची म्हणजे आधी स्वतःच्या अंगावर हात ठेवायचा, अशी ही रीत. शब्द आठवला नाही तर अवयव आठवा, बहुतेक वेळा वाट सापडते. 'बगल'च्या बाबतीत तर हीच युक्ती वाचवते: काखेत छत्री मारता येते, सहकारी नाही. बगल देणे म्हणजे प्रश्न किंवा जबाबदारी शिताफीने चुकवणे, आणि बगलबच्चा म्हणजे पुढाऱ्याच्या मागेमागे फिरणारा.

चौथी पायरी : 'बाजूला' आणि 'बाजूने'

'बाजूला' जागा दाखवतं. 'बाजूने' कधी वाट दाखवतं, कधी पाठिंबा. "देवळाच्या बाजूने वर जा" ही वाट. "मी तुझ्या बाजूने आहे" हा पाठिंबा. "निकाल आमच्या बाजूने लागला" हा कोर्टातला सुटकेचा श्वास. "मी तुझ्या बाजूला आहे" म्हटलंत तर ऐकणारा मान वळवून शेजारी बघेल.

भांडणाच्या आणि वादाच्या भाषेत या शब्दाला खरा बहर येतो. बाजू घेणे, बाजू मांडणे, दोन्ही बाजू ऐकून घेणे. युक्तिवाद कमजोर असेल तर ती लंगडी बाजू. कुणी चुकीचं बोलून गेलं आणि दुसऱ्याने ते सांभाळून घेतलं, तर त्याने बाजू सावरली. भांडण मिटावं म्हणून आपण नमतं घेतलं, तर पडती बाजू घेतली. "संसारात कुणीतरी पडती बाजू घ्यावी लागते" असं लग्नात वडीलधारी मंडळी सांगतात, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे कोण हे नव्या नवरीकडे बघूनच सांगतात.

बाजू घेणे आणि कड घेणे यांत एक बारीक फरक आहे. बाजू विचार करूनही घेता येते. वकील घेतो ती बाजू. कड घेण्यात जिव्हाळा असतो आणि थोडा अन्यायही. आजी नातवाची कड घेते, काच त्यानेच फोडलेली असली तरी.

मुलांच्या खेळात तर बाजूही लागत नाही. "तू कुणाकडून?" एवढं विचारलं की झालं. लग्नातही तसंच: मुलाकडचे, मुलीकडचे. पत्रिकेत वधूपक्ष, वरपक्ष. "मी मुलीच्या बाजूचा आहे" असं पंगतीत सांगितलंत तर जेवण मिळेल, पण तुम्ही परगावचे हेही कळेल.

इथे एक तक्रार नोंदवतो. लेख लिहिताना "एका बाजूला हे, तर दुसऱ्या बाजूला ते" अशी वाक्यांची रांग लावायची सवय नव्यांनाही लागते आणि आम्हालाही लागली आहे. "एकीकडे... दुसरीकडे" हलकं आहे आणि कानाला गोडही लागतं. नाण्याच्या दोन बाजूंना तर काही वर्षं सुट्टीच द्यायला हवी. नाणं उडवायचंच असेल तर आमच्याकडे छापा-काटा आहे.

पाचवी पायरी : वस्तूंच्या बाजू

शाळेतल्या भूमितीत बाजू लगेच भेटते. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा. पण एखाद्या त्रिकोणाच्या तीनही बाजू सारख्या असल्या की तो समभुज होतो, आणि भुज म्हणजे पुन्हा दंडच. हिंदी माध्यमात शिकलेले 'भुजा' म्हणत आलेले असतात, त्यांना इथे नुसता शब्द बदलायचा आहे, अर्थ नाही.

हिशेबाच्या वहीत जमा बाजू आणि नावे बाजू. तिथूनच रोजच्या बोलण्यात 'जमेची बाजू' आली: "घर लहान आहे, पण स्टेशन जवळ ही जमेची बाजू." याच्या उलट 'नावेची बाजू' असं मात्र बोलण्यात कुणी म्हणत नाही. शिंप्याकडे कापडाची सुलटी बाजू आणि उलटी बाजू असते. एसटीत आरक्षण करताना खिडकीची बाजू, आणि उन्हाळ्यात त्याहून महत्त्वाची सावलीची बाजू. मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी उभ्या माणसाला विचारायचं: "प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो?" हे वाक्य पाठच करून ठेवा.

स्वयंपाकघरात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच मिनिटात ऐकू येतात. भाकरी शिकताना मी आईजवळ उभा होतो. तिने परातीतली थापलेली भाकरी अलगद उचलली आणि पिठाची बाजू वर येईल अशी तव्यात टाकली. मग "त्या बाजूला पाण्याचा हात फिरव" म्हणाली. पाणी सुकत आलं तशी भाकरी उलटली, आणि मी वाकून बघत होतो तर म्हणाली, "बाजूला हो, वाफ लागेल." शेवटी तवा बाजूला केला आणि भाकरी आचेवर टेकवली, तशी ती फुगली. चार वाक्यांत तीन 'बाजूला': एक भाकरीचा, एक माझा, एक तव्याचा. दुसरी पायरी नीट समजली असेल तर कुठला जवळचा आणि कुठले दूरचे, हे सांगता येईल.

सहावी पायरी : गाव बघून बोला

मुंबईत 'बाजूला' जास्त चालतं: बाजूची बिल्डिंग, बाजूवाले काका, आणि मुंबईच्या हिंदीतही 'बाजू में'. गुजराती शेजाऱ्यांचा 'बाजु' स्त्रीलिंगीच, तेव्हा त्यांची इथे अडचण होत नाही. पुण्यात तीच बिल्डिंग शेजारची इमारत होते. सातारा-कोल्हापूरकडे 'कडंला' ऐकू येईल: "कडंला सर की जरा." विदर्भात 'ला'च्या जागी 'ले' येतो, म्हणून "बाजूले सरक". मालवणीत 'बाजूक'. गोव्यात कोकणी बोलणाऱ्याकडून 'कुशीक' ऐकलंत तर ती आपली कूसच, पण अर्थ बाजूला; जवळ म्हणायचं असेल तर तिथे 'लागीं'. यातलं सगळं बोलायला शिकू नका. ऐकून कळलं की पुरे. पाहुण्याने यजमानाची बोली उचलली तर कौतुक होतं, पण अर्धवट उचलली तर नक्कल वाटते.

तोंडावर पाडणारे काही शब्द

पार्श्वगायिका, पार्श्वसंगीत यांत पार्श्व म्हणजे मूळची बाजूच, पण आता अर्थ 'पडद्यामागचं' असा झाला आहे. पार्श्वभूमी म्हणजे मागचा संदर्भ. पार्श्वभाग मात्र बसायचा भाग. जागेच्या जाहिरातीत 'इमारतीचा पार्श्वभाग' लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

शेजारतीचा शेजाराशी काही संबंध नाही. ती शेज आणि आरती, म्हणजे देवाला झोपवतानाची. पहाटेची काकड आरती आणि रात्रीची शेजारती.

तर्फ हाही बाजूचाच अर्थ असलेला शब्द. त्यावरून रस्त्याच्या दुतर्फा झाडं, एकतर्फी प्रेम, आणि 'मंडळातर्फे स्वागत', म्हणजे मंडळाच्या वतीने. पण पुणे जिल्ह्यात 'पिंपळगाव तर्फे खेड' अशी पाटी दिसली, तर खेडच्या वतीने पिंपळगाव काही करत नाहीये. तर्फ हा जुन्या महसुली व्यवस्थेतला गावांचा गट होता, आणि एकाच नावाची गावं वेगळी ओळखता यावीत म्हणून ते नावाला चिकटून राहिलं. त्या लखनौच्या सहकाऱ्याने गाडीतून ही पाटी वाचली आणि मला विचारलं, "म्हणजे खेडच्या बाजूचं पिंपळगाव?" 'च्या' जिथे हवा तिथे होता. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला चहा पाजला.